साळूबाईचे लिंपण

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांची बिळे अगदी कोरडी होती आणि सगळे आतल्या आत शिजत होते.

पाणी झिरपू नये म्हणून बिळाला आतून राळ लिंपायची तिथली रीत होती. पाणी बाहेर राहायचे, हे खरे. पण अंगाची ऊबही आतच कोंडायची. राळेत वाळू मिसळून पाहिली. थोडी घातली तर फरक पडेना, जास्त घातली तर लिंपण झोपलेल्याच्या अंगावर पडे.

साळूबाई नावाच्या साळिंदरीने मात्र हट्टच धरला. सारा हिवाळा कंद उकरायचे सोडून ती लिंपण घोटत बसली. पिल्ले भुकेने कुरकुरायची. शेवटी तिला जमले.

त्या जंगलाचा नियम असा, की जो नवी युक्ती काढील त्यानेच तीन उन्हाळे ती वापरावी, आणि इतरांना हवी असेल तर त्यांनी त्याला कंद द्यावेत. फक्त युक्ती कुणालाही सहज सुचण्यासारखी नसावी. साळूबाईची सगळी भिस्त त्या कंदांवर होती.

तिने तो हक्क मागितला, तेव्हा न्यायाला गवा बसला. म्हणाला, "बाई, माझ्या वासरालाही कळेल असं सांगा."

साळूबाई हुशार, पण व्यवहारात कच्ची. तिने मन लावून सांगितले.

"महाराज, गारगोटीचे जाडे खडे घ्यायचे. त्यांच्यामधल्या फटींत बारीक चुरा भरायचा. मग खड्याला खडा लागतो, आणि ऊब एकाकडून दुसऱ्याकडे जात जात बाहेरच्या गार मातीत उतरते. राळ धरून ठेवण्यापुरतीच."

"एवढंच?" गवा म्हणाला.

त्याने खवले मांजराला साक्षीला बोलावले. बिळे खणण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि लिंपण डोक्यावर पाडून घेण्यातही.

"कळलं का रे?"

"कळलं की, महाराज. अगदी सोपं आहे."

"म्हणजे तुलाही सुचलं असतं?"

खवले मांजराने डोक्यावरचे टेंगूळ चोळले. "आता सुचतंय खरं."

"मग इतकी वर्षं का नाही सुचलं?" साळूबाईने विचारले.

"इतकं सोपं होतं, की कुणी मनावरच घेतलं नाही," गवा म्हणाला, आणि त्याने तिची मागणी फेटाळली. साळूबाईला रडू आले.

तिच्यामागे तरस उभा होता. त्याने सगळे ऐकले होते.

"महाराज," तो म्हणाला, "हा माझा द्विविधकणसंयोगी उष्माविसर्जक लेप. यात स्थूलसूक्ष्मांचा परस्परानुप्रवेश होऊन..."

गव्याने गंभीरपणे मान डोलावली. मग खवले मांजराकडे वळून विचारले, "तुला सुचलं असतं?"

"छे. मला तर कळलंसुद्धा नाही."

"मग ही खरी युक्ती," गवा म्हणाला. तीन उन्हाळे तरसाला मिळाले.

तुमच्या म्हणीत आयत्या बिळावर नागोबा येतो. इथे साळूबाई घरी पोचली, तर दाराशी तरस बसलेला.

"लिंपण सुरेख झालंय हो," तो म्हणाला. "कंद कधी देताय?"

तात्पर्य: युक्ती काढणे कुणालाही जमते, बाळांनो. ती कुणालाही कळणार नाही अशी सांगायला मात्र अक्कल लागते.