शेषेरावचा रुमाल

शेषेराव भेटला की रामराम घालत नसे. आधी अंगावरचा सदरा न्याहाळायचा, मग निकाल द्यायचा, "हे पांढरं न्हाई."

केजच्या आमच्या गल्लीत व्हिडिओ कॅमेरा त्याच्या एकट्याकडे. "कॅमेरा लई भोळा हाय," तो सांगे. "उजेड बदलला की त्याला आधी पांढरं दाखवावं लागतं. मग बाकीचे रंग तो आपले आप वळखतो." त्यासाठी खिशात एक रुमाल. त्यानं कधी घामसुद्धा पुसला नाही. दुष्काळात टँकरच्या पाण्यातला पहिला तांब्या, तुरटी फिरवून, त्या रुमालाला. त्याची बायको म्हणायची, "रुमालाशीच लगीन लावायचं होतं, मला कशाला आणलं?"

त्याच दुष्काळात माझ्या बहिणीचं लग्न निघालं. हळदीला शेषेरावनं खिसे चाचपले. "रुमाल हरवला बे."

टँकरच्या पाण्यानं सगळ्यांची धोतरं चहाच्या रंगाची झालेली. दूध सोसायटीच्या चेअरमननी मोठ्या मनानं टोपी पुढं केली. शेषेरावनं ती उन्हात धरली. "साहेब, नीळ जास्त झाली. हिच्यावर कॅमेरा लावला तर नवरी कावीळ झाल्यागत दिसंल." मी माझे दात दाखवले. तो म्हणाला, "तुमी आधी तंबाखू सोडा."

आणि तडक चुलीपाशी गेला. तिथं माय बसली होती. वडील गेल्यापासून ती शुभकार्यात पुढं येत नसे. हळद चुलतीनं लावायची ठरलेली. मायला बोलवावं असं मला फार वाटे. पण सोसायटीच्या सभेत सुधारणेवर तासभर बोलणारा मी भावकीपुढं मुका.

"काकी, पदर जरा मागं घ्या. तुमच्या केसाइतकं पांढरं अख्ख्या केजात न्हाई."

"मी कशाला रं? शकुनाचं काम हाय."

"शकुनाचं मला कळत न्हाई. कॅमेऱ्याला पांढरं लागतं. अन् ते नवरीच्या उजेडातच लागतं, पाटाशेजारी."

थोरले चुलते गुरगुरले, "हे काय नवीन काढलं?"

"कॅसेटीत पोरगी निळी आली तर मला बोलू नका, आण्णा."

निळ्या पुतणीपुढं चुलत्यांचा इलाज चालेना. "घ्या बाबा, उरका लवकर."

माय पाटाशेजारी आली. दोन वर्षं ढगाचा पत्ता नव्हता, पण शेषेरावला दर पाच मिनिटांनी उजेड बदललेला दिसे. "काकी, हलू नका." बहिणीनं तिचा हात धरून ठेवला आणि स्वतःच्या गालाला तिच्या बोटांनी हळद लावून घेतली. दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकांना माय अंतरपाटाला खेटून उभी, मुठीत अक्षता. एव्हाना भावकीच ओरडत होती, "अरे, काकीला पुढं घ्या, रंग बिघडंल."

पुढं कॅसेट बघितली, तर हळद पिवळीधमक आणि शालू लालभडक.

त्या दिवशी पाठवणीची जीप वळणाआड गेली तेव्हा माय दारात उभी होती, डोळे भरून. शेषेरावनं कॅमेरा खाली ठेवला, सदऱ्याच्या आतल्या खिशातून घडीचा पांढराशुभ्र रुमाल काढला आणि तिच्या हाती दिला.

"अरं, हळदीचा हात हाय माझा. डाग पडंल."

"पडू द्या, काकी," शेषेराव म्हणाला.