दसऱ्यापासून दसऱ्यापर्यंतची वॉरंटी

बजाजनगरातले रहिवासी काकासाहेब तुपे यांच्या रो-हाऊसचं पुढचं दार सर्वपित्री अमावास्येच्या सकाळी उघडेनासं झालं. घटना तशी किरकोळ. दारं अडकतात, निघतात. परंतु हे दार साधं नव्हतं. त्याला अंगठ्यावर उघडणारं, बोलणारं कुलूप बसवलेलं होतं, आणि ते कुलूप वॉरंटीत आहे असा काकासाहेबांचा समज होता.

कुलूप आदल्या वर्षी दसऱ्याच्या मुहूर्तावर घेतलं होतं. खंडेनवमीला कारखान्यात यंत्राची पूजा करून आलेल्या काकासाहेबांनी दुसऱ्या दिवशी कुलपालाही हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, आणि मग सुरक्षेचा विचार पुढे नेला. पुढं एवढं भारी कुलूप असताना चोर मागूनच येणार, म्हणून मागचं दार विटा लावून बुजवलं. कुलपाला अडीअडचणीसाठी किल्लीचं एक भोक होतं. त्यात चोर किल्ली घालेल, म्हणून ते रंगाऱ्याकडची लांबी भरून बंद केलं. खिडक्यांना गज होतेच, त्यावर डासांसाठी बारीक जाळी ठोकली. आता या घरात चोर शिरणं शक्य नव्हतं. घरच्यांचं काय, हा विषय चर्चेला आला नाही.

फर्दापूरहून राहायला आलेल्या त्यांच्या आईनं, मनकर्णाबाईंनी, कुलपातला बाईचा आवाज ऐकून एवढंच विचारलं होतं, "दारात बाई कशाला बसवली रं? आपल्या गावाकडं नुसती कडी हाय. ती बी कुत्रं शिरू नये म्हणून." येताना त्यांनी लोखंडी खलबत्ता आणला होता. घरात मिक्सर असताना हे धूड कशाला, म्हणून काकासाहेबांनी तो भंगारवाल्यासाठी दाराआड काढून ठेवला. भंगारवाला आला नाही, हा निव्वळ योगायोग.

तर त्या दिवशी काकासाहेबांच्या वडिलांचं, कैलासवासी रामकिसन यांचं पितर होतं. मनकर्णाबाईंनी पहाटे उठून खीर, वडे, कढी, भाज्या असा सगळा स्वयंपाक एकटीनं केला होता. दुपारी पान बाहेरच्या जिन्यानं गच्चीवर नेऊन ठेवायचं, कावळा शिवला की मंडळींनी जेवायचं. बायको माहेरच्या पितराला गेलेली. काकासाहेब पत्रावळ्या आणायला म्हणून बाहेर पडले आणि जेवायला बोलावलेल्या शेजारच्या तात्यासाहेबांना घेऊनच परतले. त्यांनी कुलपावर अंगठा ठेवला.

"कृपया पुन्हा प्रयत्न करा," कुलपातली बाई म्हणाली.

काकासाहेबांनी पुन्हा प्रयत्न केला. अंगठा पुसून केला, फुंकर मारून केला, डाव्या हाताचाही केला. आतून मनकर्णाबाईंनी मूठ फिरवून पाहिली, तर ती नुसती गरगर फिरायला लागली.

"त्या बाईला म्हणावं, मी आत हाय," त्या म्हणाल्या.

"आई, तू कशालाच हात लावू नको! वॉरंटीत हाय ते."

काकासाहेबांनी कंपनीला फोन लावला. बरंच संगीत ऐकून झाल्यावर एक गोड आवाज आला. "सर, आपल्या कुलपाची वॉरंटी गेल्या आठवड्यात संपली आहे."

"कशी संपंल? दसऱ्याला घेतलंय. दसरा अजून यायचाय."

"सर, वॉरंटी एक वर्षाची असते. वर्ष बारा महिन्यांचं."

"यंदाचं तेराचं हाय, ताई. अधिक श्रावण झाला ना."

पलीकडे थोडा वेळ कळफलक वाजला. "सॉरी सर, आमच्या सिस्टिममध्ये अधिक महिना दिसत नाही."

"आम्ही जावयाला बोलावून धोंडे खाऊ घातले त्या महिन्यात, आन तुमच्याकडं तो आलाच नाय?"

कंपनीनं सहानुभूती व्यक्त केली आणि वाढीव वॉरंटीचा पर्याय सुचवला. मात्र ती फक्त चालू स्थितीतल्या कुलपालाच मिळते. चालू आहे की नाही हे अधिकृत माणूस ठरवेल. अधिकृत माणूस, बन्सी नावाचा, सुदैवानं जवळच, वाळूजमध्ये होता. तो मोटारसायकलवर आला, त्यानं कुलपाचे चारी बाजूंनी फोटो काढले, कान लावून ऐकलं आणि समाधानानं मान हलवली.

"एक नंबर कुलूप हाय, साहेब. मालकालासुद्धा उघडंना, मंग चोराची काय बिशाद? कुलपाचं काम बंद ऱ्हायचं. ते करतंय. चालू हाय."

"म्हंजे वाढीव वॉरंटी भेटंल?"

"भेटंल की. फकस्त आतल्या बाजूचं बटण मालकानं दाबायचं. आत जाऊन दाबा, मी थांबतो." तेवढ्यात जाळीतून वड्यांचा वास आला. बन्सीनं पायरी झटकली आणि बसला. "पितर हाय व्हय? मंग थांबतोच."

तात्यासाहेबांना सकाळपासून उपास घडत होता. ते म्हणाले, "तोडा की राव ते."

"तोडलं तर वॉरंटी जाईल!"

"अहो, ती तर गेलीय."

"गेलीय. पण आपण तोडून गेली असं नको व्हायला," काकासाहेब म्हणाले. हे बोलताना त्यांचा चेहरा अतिशय जबाबदार दिसत होता.

ऊन डोक्यावर आलं. आतून मनकर्णाबाईंनी विचारलं, "किती वाजलं रं?"

"बारा वाजाय आलं, आई. कंपनीनं विषय वरच्या साहेबाकडं पाठवलाय. दोन दिवसांत उत्तर येतंय."

"दोन दिवस कावळा थांबतो व्हय?" त्यांचा आवाज कापला. "दुष्काळात बी आधी त्यांच्या ताटात वाढलं, मग आपण खाल्लं. उभ्या जन्मात त्यांना उपाशी ठेवलं नाय मी. आन मेल्यावर ह्या बाईपायी ठेवू?"

काकासाहेबांना खरोखर लाज वाटली. लाज वाटल्यामुळे त्यांनी कंपनीला पुन्हा फोन लावला आणि संगीत ऐकत उभे राहिले.

त्याच वेळी आतून ठण्ण असा आवाज आला. मग आणखी एक. बन्सी दचकून उठला. "आजी, आजी! छेडछाड धरत्यात त्याला!"

आजींनी ऐकलं नाही. दाराआडचा बत्ता घेऊन त्यांनी बिजागऱ्यांचे खिळे खालून ठोकून वर काढले. दार कुलपाच्या बाजूनं घट्ट राहिलं आणि दुसऱ्या बाजूनं उघडलं. एका हातात पान, दुसऱ्या हातात बत्ता अशा मनकर्णाबाई त्या फटीतून बाहेर आल्या, कोणाकडेही न बघता जिना चढल्या आणि पान गच्चीवर ठेवलं. कावळा लगेच शिवला. त्यानं कसलीच ओळख पटवून मागितली नाही. मनकर्णाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"दरवाजा सुरक्षितपणे बंद आहे," खाली कुलपातली बाई म्हणाली.

मंडळी पोटभर जेवली. बन्सीनं खीर दोनदा मागून घेतली आणि अहवाल पाठवला: कुलूप चालू, दारात दोष.

दसऱ्याला काकासाहेबांनी नवं कुलूप आणलं. त्याच कंपनीचं. यात बाई तीन भाषांत नकार देते, आणि वॉरंटी मोठी आहे. या वेळी मात्र त्यांनी शहाणपणा केला. दाराच्या आतल्या बाजूला खिळा ठोकून बत्ता टांगला, आणि पहिलं हळदकुंकू त्याला वाहिलं. हे पाहून तात्यासाहेबांनीही तसंच कुलूप घेतलं आणि बत्त्यासाठी भंगारवाल्याच्या मागं धावले. आता गल्लीत बहुतेकांकडे दोन्ही आहेत. मनकर्णाबाई फर्दापूरला निघताना खल घेऊन गेल्या, बत्ता ठेवून गेल्या.

तुमच्या कुलपाची वॉरंटी कधी संपली, ते तुम्हाला आठवत नसेल. ते कोणालाच आठवत नाही. तुमच्या आईचा बत्ता तुम्ही भंगारात कधी घातला, तेवढं आठवून पाहा.