क्वासी अदुसेईची वेबसाइट

माझ्यासारखी पोस्टरं करणारा अख्ख्या कुमासी शहरात दुसरा नाही. हे मी नाही म्हणत, गिऱ्हाइकं म्हणतात. म्हणजे गिऱ्हाइकांचे नातेवाईक म्हणतात. गिऱ्हाईक स्वतः काही बोलण्याच्या परिस्थितीत नसतं.

आडुम पेठेतल्या आग्येमनशेठच्या छापखान्यात मी मयताची पोस्टरं करतो. विजेच्या खांबावर, शाळेच्या भिंतीवर, थेट न्हाव्याच्या आरशावर तुम्ही जे चेहरे बघता ना, सोनेरी चौकटीतले, ते बहुतेक माझे. कुणाचा फोटो फाटका असतो, कुणाचा लग्नाच्या घोळक्यातून कापून आणलेला असतो. मी त्यांना गोरंगोमटं करतो, सूट घालतो, मागे ढग सोडतो. लोक म्हणतात, जिवंतपणी एवढा रुबाबदार कधी दिसला नव्हता!

पण मला कंटाळा आला होता हो. खरंच सांगतो. रस्त्यात धडधाकट माणूस भेटला तरी ह्याला कुठली चौकट शोभेल, हेच माझ्या मनात यायचं. सेरवामावशी माझ्यासाठी मुली बघायची. मुलीकडचे विचारायचे, "मुलगा काय करतो?" मावशी सांगायची, आणि ते लोक शेंगदाण्याचा रस्सा अर्धा टाकून उठायचे.

अशात राजधानीतल्या, अक्राच्या एका टोमॅटोच्या डब्यांच्या कंपनीला लेबलं काढणारा माणूस हवा होता. टोमॅटो! लालबुंद, टवटवीत, ज्याला नातेवाईक नाहीत! मी फोन केला. तिकडून लॅम्प्टीबाई म्हणाल्या, "तुमची कामं वेबसाइटवर टाका आणि मला पाठवा. सोमवारी मी माणूस नक्की करणार आहे."

"आहे ना वेबसाइट!" मी म्हणालो. "जरा हात फिरवायचा बाकी आहे."

वेबसाइट नव्हती, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पण दहा हात लांबीचे फ्लेक्स करणाऱ्याला तळहाताएवढं पान काय जड? छापखान्याच्या संगणकावर एक फुकटचा साचा उतरवून घेतला आणि बसलो.

पहिली अडचण अशी, की त्या साच्यात सगळीकडे पांढरी रिकामी जागा. रिकामी जागा बघितली की मला राहवतच नाही. आमच्या धंद्यात रिकामी जागा म्हणजे कुठल्या तरी नातेवाइकाचं नाव राहून गेलं! भांडणं होतात, मांडवात खुर्च्या उडतात. म्हणून मी ती आधी काळी केली. काळ्यावर उठून दिसावं म्हणून कडेला लाल पट्टा दिला. मधोमध माझा फोटो, सोनेरी चौकट. खाली पूर्ण नाव, टोपणनावं, जन्मसाल आणि पुढे एक आडवी रेघ. रेघ का काढली म्हणाल, तर हाताला सवय. मथळा दिला, 'एका कलावंताचं आयुष्य'.

साच्यात एक चौकोन होता, 'आपल्याबद्दल लिहा'. लिहिलं. "क्वासी हसतमुख होता. लहानथोरांचा लाडका होता. त्याने कधी कुणाचं मन दुखावलं नाही." आता माणसाबद्दल ह्यापेक्षा वेगळं काही लिहितात, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं! मग आभार. आईवडिलांच्या मागे मला मामांनी आणि मावशीने वाढवलं, म्हणून सगळ्यात वर ओपोकूमामा, कुळातले थोरले म्हणून. मग सेरवामावशी, मग उतरत्या क्रमाने सगळं गणगोत. त्याच्याखाली माझी गाजलेली पोस्टरं, ओळीने. एका व्हिडिओवरून चित्र हलवायचं शिकलो होतो, तर दोन कोपऱ्यांत मेणबत्त्या ठेवल्या, छान फडफडत होत्या. पान उघडलं की चर्चमधला बाजा वाजायचा आणि एक पारवा डावीकडून उजवीकडे उडत जायचा.

मी खुर्चीत मागे टेकून बघितलं. माझेच डोळे भरून आले.

शनिवारी सकाळी लॅम्प्टीबाईंना पान पाठवलं. घरच्या ग्रुपवरही टाकलं. वर लिहिलं, "सगळ्यांनी बघा, आणि पुढे पाठवा." तेवढ्यात फोनचं चार्जिंग संपलं. घरी वीज नव्हती. कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे जनरेटर आहे, त्याच्याकडे फोन चार्जिंगला दिला आणि मॅच बघायला मैदानावर गेलो. मॅच चांगली झाली. आम्ही हरलो, पण चांगली झाली.

परत येतो तर आमच्या गल्लीत मांडव! दुखवट्याचं लाल-काळं कापड, प्लास्टिकच्या खुर्च्या, स्पीकर, मागच्या अंगणात फुफूसाठी उकडलेले कंद कुटल्याचा धपधप आवाज. मी हळहळलो. मग मनात आलं, चला, पोस्टर आपल्याकडेच येणार.

"कोण गेलं हो?" मी मांडववाल्याला विचारलं.

"तरुण पोरगा," तो दोरी आवळत म्हणाला. "लाडका होता म्हणे. कुणाचं मन दुखावलं नाही कधी."

"अरेरे! असंच असतं बघा, चांगली माणसंच लवकर जातात."

"हो ना. आता हे टोक धरा जरा."

मी टोक धरलं. त्याने दोरी ओढली आणि मांडवाच्या तोंडाशी गुंडाळलेला फ्लेक्स सर्रकन खाली सुटला. दहा हात लांब. खरं सांगू? पहिल्यांदा माझं लक्ष हनुवटीखालच्या सावलीकडे गेलं. सावली चुकली होती. मग लक्षात आलं, हनुवटी माझी आहे!

ग्रुपवरून पुढे गेलेलं माझं पान आग्येमनशेठने जसंच्या तसं छापलं होतं. इतक्या वर्षांत माझ्या कामात एकही बदल न सुचवण्याची त्याची ही पहिलीच वेळ. मी मागच्या रांगेतल्या खुर्चीत बसलो. पुढे मामा लोकांचे हात हातात घेत होते आणि प्रत्येकाला सांगत होते, "नावांत पहिलं नाव माझं आहे, बघितलंत ना?"

शेजारी काळ्या कपड्यांतल्या एक बाई येऊन बसल्या. रुमालाने वारा घेत म्हणाल्या, "तुम्ही त्याच्या ओळखीचे?"

"बऱ्यापैकी," मी म्हणालो.

"मी अक्राहून आले, लॅम्प्टी. इथे कुमासीतच आमच्या सोयऱ्यांकडच्या मयताला आले होते, तिथेच ह्याची वेबसाइट उघडली आणि धसकाच घेतला. परवाच बोलले हो मी त्याच्याशी! छापखान्यात फोन केला, तर मालक म्हणाले, मांडव पडतोय, तुम्ही या. काय काम होतं त्याचं! तो पारवा जाताना तर मला रडूच फुटलं. माझ्या मनात होतं, नोकरी ह्यालाच द्यायची."

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "मग द्या ना!"

"कुणाला?"

"मला! तो मीच आहे. क्वासी अदुसेई!"

बाईंनी फ्लेक्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या अंगावर मैदानावरची धूळ आणि हरलेल्या संघाचा बनियन. "नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्या अंगात सूट होता."

"तो सूट माझा नाही, बाई! बँकेतल्या एका साहेबांचा आहे, तेही वारले. मी सगळ्यांना तोच घालतो!"

बाई जरा विचारात पडल्या. "म्हणजे आमच्या सोयऱ्यांच्या फोटोत..."

"तोच. त्यांना टाय बदलून दिला."

आता बाईंना पटवायचं तर दुसरा उपायच नव्हता. मी खुर्चीवर उभा राहिलो आणि ओरडलो, "अहो, मी जिवंत आहे! मी इथे आहे!"

बाजा बंद पडला. अंगणातून सेरवामावशी मुसळ घेऊनच धावत आली. मला पाहिलं आणि तिथेच मटकन बसली. मग उठली, मला खुर्चीवरून खाली ओढलं, माझे गाल चाचपले, रडली, आणि मला एक सणसणीत ठेवून दिली.

"मेल्या! जिवंत आहेस तर फोन का उचलत नाहीस?"

"मावशी, फोन न्हाव्याकडे..."

"फोन न्हाव्याकडे, आणि तू इथे मांडवात बसलास? स्वतःच्या मयताला? लाज नाही वाटत?"

ती पुन्हा मला पोटाशी धरून हुंदके देऊ लागली. इतकी घट्ट तिने मला लहानपणीही धरलं नव्हतं, आणि मलाही भडभडून आलं.

मामा शांतपणे आले. कुळातला थोरला माणूस, आवाज चढवत नाही. "हळू बोल," ते म्हणाले. "ओबुआसीहून आपल्या गणगोताची बस निघाली आहे. मांडव आला, रस्सा शिजला. लोकांना आता काय सांगू मी? तू जिवंत आहेस म्हणून?"

"पण मी आहे ना, मामा!"

"तो तुझा प्रश्न झाला. लोकांची जेवणं होईपर्यंत आत बस."

मी आत जाण्याआधी लॅम्प्टीबाईंचा हात धरला. "बाई, आता तरी पटलं ना? टोमॅटोचं काम मला द्याल ना? मला ह्या मयतांतून सुटायचंय हो!"

बाईंनी फ्लेक्सकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत खरंच दया होती.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "धडधाकट माणूस तुम्ही इतका मेलेला दाखवलात. मग माझ्या टोमॅटोचं काय होईल?"

मी आत जायला वळलो.

जाताना मात्र त्या दाराशी थांबल्या. "तुमचा नंबर राहू दे. आमचे सासरे बरेच दिवस अंथरुणाला खिळलेत. आणि ऐका, त्यांना दुसरा सूट घाला."

म्हणजे वेबसाइट चालली. सोमवारपासून तर विचारू नका! आग्येमनशेठने तिचा पत्ता छापखान्याच्या पाटीवर रंगवून घेतला. ओबुआसीची मंडळी पोटभर जेवली, मला बघून थोडी नाराज झाली, पण प्रत्येकाने जाताना पारव्याची चौकशी केली. लोकांना पारवा फार आवडतो.

फ्लेक्स उतरवायला मी स्वतः शिडीवर चढलो. फाडून टाकणार होतो. मावशीने तो हातातून ओढून घेतला, सुरकुती पडू न देता गुंडाळला, सुतळी बांधली आणि माझ्याच कपाटावर ठेवला.

"असू दे," ती म्हणाली. "चांगला झालाय. पुढे-मागे लागेलच."

"मावशी, निदान हनुवटीखालची सावली तेवढी नीट करू दे!"

"काही नको. सगळ्यांनी बघितलाय, सगळ्यांना आवडलाय," मावशी म्हणाली. "रेघेपुढचा आकडा तेवढा घालायचाय. तो मी शेठकडून घालून घेईन."