हलू नकोस, मी शिकतेय

"भुवई! माझी डावी भुवई कुठाय?"

ही किंकाळी आमच्या मधुराची. हळदीकुंकवाला बायका यायला तासभर उरला होता. नेदरलँड्सच्या आर्नहेममधल्या आमच्या चौथ्या मजल्यावरून निघालेली ती किंकाळी थेट जर्मनीच्या हद्दीत शिरली आणि तिकडच्या गायी त्या दिवशी दूध द्यायच्या थांबल्या, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. मी धावत गेलो. बायकोच्या उजव्या डोळ्यावर भुवई होती. डाव्या डोळ्यावर नुसतंच कपाळ. आणि समोर, दातांत दोरा धरून, शैलाताई.

"ओरडतेस काय गं? दोन्ही सारख्या करायला गेले, ही जरा पुढे निघून गेली," त्या दोऱ्याआडून म्हणाल्या. "पेन्सिलीने काढू की! हलू नकोस, मी शिकतेय."

शैलाताई आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मूळच्या पुण्याच्या. यजमान श्रीकांतभाऊ वीज कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. कानाला हेडफोन लावून दिवसभर घरूनच मीटिंगा करतात. माझी तर खात्री आहे की ते हेडफोन त्यांना जन्मतःच होते. मुलगी ईरा द हेगला नोकरी करते. आईच्या मराठी फोनला ती इंग्रजीत उत्तर देते, आणि यायचं असेल तर आधी 'अफस्प्राक' ठरवते. म्हणजे तारीख, वेळ, सगळं पक्कं. या देशात शेजाऱ्याकडे चहाला जायचं तरी अफस्प्राक लागते, पण सख्ख्या आईकडे यायलाही लागते हे ऐकून मी हातातली चकली परत ताटलीत ठेवली होती.

तर पन्नाशी उलटलेल्या या बाईंनी डच भाषेची परीक्षा दिली, पासही झाल्या, आणि सौंदर्यक्षेत्रातला डिप्लोमा घ्यायचं ठरवलं. शाळेने सांगितलं, एकच शाखा निवडा. केस, त्वचा, नखं की पाय? उन्हाळ्याच्या सुट्टीआधी कळवा, नाहीतर जागा गेली. दुसरं कोणी असतं तर माहितीपत्रक वाचलं असतं. शैलाताई म्हणाल्या, "माणसावर हात फिरवल्याशिवाय कळतं का?" आणि त्यांच्या हाताच्या टप्प्यात माणसं होती दोनच. मी आणि मधुरा.

पहिली त्वचा. माझ्या तोंडाला त्यांनी जे काही फासलं त्यात बेसन होतं, पपई होती, आणि तिसरा पदार्थ बहुधा रस्ते बांधायला वापरतात. मी गाढ झोपलो. उठलो तेव्हा तोंडाचा टोमॅटो झालेला. ऑफिसात सगळ्यांना वाटलं, मी गुपचूप बर्फात सुट्टी काढून आलो. शैलाताईंना मात्र त्या टोमॅटोचं काहीच नाही. "झोपलास होय," एवढंच म्हणाल्या. आवाज उतरलेला.

मग केस. कात्री चालू झाली आणि माझी नजर आरशाला चिकटली ती सुटेचना, कारण डोक्याची उजवी बाजू लग्नाला निघालेली आणि डावी नुकतीच सैन्यात भरती झालेली. "सारखा आरशातच बघत होतास, मुकुंदा," त्या केर भरताना पुटपुटल्या.

नखांसाठी मधुरा बसली. एक हात शैलाताईंच्या ताब्यात, दुसऱ्या हातात मोबाइल. नखांवर मोर काढला होता म्हणे. दिसत होता बदक.

शेवटी पाय. मी साफ नाही म्हणालो. मोठ्या बाईने आपल्या पायाला हात लावायचा? पण त्यांनी कोमट पाण्याचा टब आणलाच, माझ्यासमोर बुटक्या स्टुलावर बसल्या, मांडीवर टॉवेल पसरला आणि माझी भेगाळलेली टाच त्यावर ठेवली. "बोल," म्हणाल्या.

आणि मी बोललो! साहेबाबद्दल, बाबांच्या गुडघ्यांबद्दल. ऑफिसात कपात होणार आहे आणि मला धास्ती वाटतेय, हे मी मधुरालाही सांगितलं नव्हतं; तेही बोलून गेलो. त्या दिवशी 'हलू नकोस' एकदाही ऐकू आलं नाही. टाचेला साधा ओरखडासुद्धा नाही! मला तर तोच धक्का जास्त बसला.

हळदीकुंकू, बाय द वे, झोकात झालं. मधुराच्या पेन्सिलीने काढलेल्या भुवईला बायका नवी फॅशन समजल्या.

त्यानंतरच्याच आठवड्यात शाळेचा निरोप आला: केसांच्या शाखेत एक जागा आहे, सगळे जिच्यासाठी धडपडतात ती, तुम्हाला हवी का? शैलाताईंनी ती नाकारली. पाय घेतले. आम्ही वर धावलो, तर श्रीकांतभाऊंनी चक्क हेडफोन काढलेले. त्यांना कान आहेत हे मला तेव्हा कळलं.

"शैला, परक्यांचे पाय?" ते ओरडत होते. "हिवाळ्यात बूट घालून फिरणाऱ्या म्हाताऱ्या डच लोकांचे? आपल्या घरात? लोक काय म्हणतील?"

"ताई, केसांची जागा मिळत असताना?" मधुराने एकच भुवई उंचावली. तिच्याकडे तेवढीच होती.

शैलाताई चहाचे कप विसळत होत्या. त्या मागे वळल्यासुद्धा नाहीत.

"केस कापताना माणूस आरशात बघतो," त्या म्हणाल्या. "फेशियलला डोळे मिटतो, नखांना मोबाइल बघतो. पायाला समोर बसतो."