बायकोच्या नावाचा ग्रह

लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला काय द्यावं, हे शहाण्या नवऱ्यानं बायकोलाच विचारावं. मी विचारलं नाही. खरं तर विचारायची गरजच नव्हती. ती कित्येक महिने आपण होऊन सांगत होती, "अहो, ओट्यावर एक दिवा लावून घ्या ना. आहे तो माझ्या पाठीमागे आहे. रोज स्वतःच्याच सावलीत भाजी चिरते मी."

यावर मी "बघू" म्हणत असे. ('बघू' या शब्दात बघणं सोडून बाकी सगळं येतं.)

त्यातच माझ्या साडूनं मेहुणीला हिऱ्याच्या कुड्या दिल्या. सासूबाईंनी त्या कुड्यांचं कौतुक फोनवर इतका वेळ केलं की माझाच कान दुखायला लागला. हिऱ्यापुढे ओट्यावरचा दिवा घेऊन कोण उभा राहील? मी ठरवलं, आपण असं काही द्यायचं की साडूच्या सात पिढ्यांना जमू नये.

आणि मोबाइलवर ती जाहिरात दिसली: 'आपल्या प्रिय व्यक्तीच्या नावे ग्रह!'

आपल्या सूर्याचा सगळ्यात जवळचा शेजारी म्हणजे एक लाल तारा, आणि त्याच्याभोवती फिरणारा एक ग्रह. ग्रह घेतला की ताऱ्याचं नाव मोफत. मी ग्रहाला बायकोचं नाव दिलं आणि ताऱ्याला माझं. म्हणजे ती अनंतकाळ माझ्याभोवती फिरत राहणार! (हा विचार तेव्हा मला फार रोमँटिक वाटला होता. आता लिहिताना कानशिलं गरम होताहेत.)

चार दिवसांत सोनेरी महिरपीचं प्रमाणपत्र आलं, काचेच्या फ्रेममध्ये. सोबत दोन पानी माहितीपत्रक. मी विमा कंपनीत नोकरीला आहे. 'सही करण्याआधी सगळं नीट वाचून घ्या,' हे वाक्य मी दिवसातून पन्नास जणांना ऐकवतो. माहितीपत्रक मात्र मी फक्त चाळलं. कागद गुळगुळीत होता.

वाढदिवसाला सासरची सगळी मंडळी जमली. केक कापून झाल्यावर मी घसा खाकरला, फ्रेमवरचा कागद फाडला आणि जाहीर केलं, "आजपासून आकाशात हिच्या नावाचा एक ग्रह आहे!"

मेहुणी "अय्या!" म्हणाली. साडूचा चेहरा पडला. बायको आधी फ्रेमकडे आणि मग माझ्याकडे बघून हसली. तिचं ते हसू जरा गोंधळलेलं होतं, पण हसू होतं. तिथेच थांबलो असतो तर ही गोष्ट मला सांगावी लागली नसती.

पण माझे सासरे विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. मी माहितीपत्रक त्यांच्या हातात दिलं. "सर, तुम्हीच वाचून दाखवा ना. मोठ्यानं!"

सासऱ्यांनी चष्मा लावला आणि वर्गात वाचावं तसं सुरू केलं.

"हा ग्रह पृथ्वीपेक्षा बहुधा अधिक वजनदार आहे."

बायकोनं तोंडाशी नेलेला केकचा तुकडा परत बशीत ठेवला.

"ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असावी, असा अंदाज आहे. ती भाजून निघते, आणि दुसरी गारठलेली राहते."

"भाजून निघते?" सासूबाई लेकीकडे वळल्या. "अगं, कधी बोलली नाहीस ती!"

"आई, ते ग्रहाचं चाललंय," बायको म्हणाली.

"पण नाव तर तुझंच आहे ना?"

मी घाईघाईनं म्हणालो, "सर, ग्रहाचं पुरे. ताऱ्याचं वाचा." (बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, तो हा.)

"तारा कुणाच्या नावाचा?" साडूनं विचारलं.

"माझ्या," मी म्हणालो.

सासरे वाचू लागले. "हा तारा 'लाल बटू' या प्रकारात मोडतो."

साडूनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. त्याला फार वेळ लागला नाही. माझी उंचीच तेवढी आहे.

"सूर्याच्या मानानं अत्यंत मंद. मधूनच अचानक भडकतो. भडकला की जवळच्या ग्रहाची धडगत नसते. एरवी मात्र अब्जावधी वर्षं कमी आचेवर जळत राहतो."

"म्हणजे जन्मभर जळतो," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "पण उजेड काही पडत नाही."

मेहुणीला ठसका लागला. साडू तिच्या पाठीवर थोपटता थोपटता स्वतःच वाकला. "सर, बास आता," मी काकुळतीला आलो.

"अर्धवट वाचू नये. शेवटचीच ओळ आहे," सासरे म्हणाले. "सगळ्यात जवळ असूनही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही." मग चष्मा काढून त्यांनी आपलीही भर घातली. "आणि जावईबापू, अशा विकत घेतलेल्या नावांना शास्त्रात काही किंमत नसते बरं का. फसवलं तुम्हाला."

मंडळी हसत हसत गेली. जाताना साडूनं माझा खांदा दाबला. त्या दाबण्यात इतकी सहानुभूती होती की त्यापेक्षा थोबाडीत बरी.

मी उरलेल्या बशा घेऊन स्वयंपाकघरात गेलो. बायको ओट्याशी पाठमोरी उभी राहून बशा विसळत होती.

"अगं, मी ते वाचलंच नव्हतं."

"कळलं ते."

"वजनाचं मनाला लावून घेऊ नकोस."

"त्याचं काही नाही हो. पण ती शेवटची ओळ... सगळ्यात जवळ असून दिसत नाही. ऐकलं आणि वाटलं, हे कुणीतरी आपल्या घरी येऊन लिहून नेलंय."

"हो गं," मी हळवा होऊन म्हणालो. "हल्ली ऑफिसातून मला उशीरच होतो. मी घरात दिसतच नाही तुला."

तिनं नळ बंद केला. "मी तुमच्याबद्दल बोलत नाहीये."

तेव्हा मी पहिल्यांदा ओट्याकडे नीट बघितलं. तिची सावली बशांवर, सुरीवर, सगळ्या ओट्यावर पसरली होती. तिच्या डाव्या अंगठ्याला चिकटपट्टी होती.

"हे काय? कधी झालं?"

"परवा. कांदा चिरताना."

परवापासून त्याच हातून मी किती वेळा चहा घेतला होता! एकदा तर 'साखर कमी आहे' असंही म्हणालो होतो. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. खालच्यांच्या पंख्यावर पडलो असतो. मी नुसताच फडकं घेऊन बशा पुसत राहिलो. तिनं त्यातल्या दोन पुन्हा पुसल्या.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि वायरमनला घेऊन आलो. बायकोनं बोट ठेवून जागा दाखवली. त्यानं भोक पाडलं, वायर ओढली, बटण दाबलं. ओटा लख्ख उजळला.

"साहेब, एवढंसं तर काम होतं," वायरमन म्हणाला. "इतके दिवस काय करत होता?"

"ते बघत होते," बायको म्हणाली.

त्यानंतर घरात कुणी ग्रहाचा विषय काढला नाही. प्रकरण मिटलं, असं मी समजून चाललो. मधे आठवडा-दीड आठवडा गेला. एका संध्याकाळी दार उघडतो, तर सोफ्यावर सासू, सासरे, मेहुणी आणि साडू ओळीनं बसलेले. बायको नव्या साडीत.

मी पिशवी हातातच धरून विचारलं, "कुणाचा वाढदिवस आहे का? आईंचा?"

"माझा मार्चमध्ये असतो," सासूबाई म्हणाल्या.

"सरांचा?"

"बसा, जावईबापू," सासरे म्हणाले. "त्या दिवशी एक मुद्दा सांगायचा राहून गेला. तो ग्रह ताऱ्याच्या अगदी जवळून फिरतो. त्यामुळे त्याचं वर्ष असतं अवघं अकरा दिवसांचं."

"बरं. मग?"

"मग काय? ग्रह माझ्या नावाचा. म्हणजे वर्षही तेच धरायचं," बायको गोड हसत म्हणाली. "आज आपल्या लग्नाचा वाढदिवस आहे, अहो. विसरलात ना?"

सगळे माझ्या हातातल्या पिशवीकडे बघू लागले. पिशवीत जेवणाचा रिकामा डबा होता.

बाकीचे नवरे लग्नाचा वाढदिवस वर्षातून एकदा विसरतात. मी बत्तीस-तेहतीस वेळा विसरतो.