घरगुती कारण

शेळगावच्या हवालदार तात्यांना एस.टी.चा कंडक्टर म्हणाला, "आजोबा, गाडी फुल्ल हाय." तात्या पायरीवरच उभे. "निर्णय अमान्य! कारण लेखी द्या." कंडक्टरनं कपाळाला हात लावला आणि स्वतःची सीट दिली.

चहात साखर कमी पडली तरी तेच. भटजींनी मुहूर्त सांगितला तरी तेच. इंदापूरला तहसीलसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. तिथं तात्या येतात ते आरोळी ठोकतच, "रायटर, अपील टाका!" मग उजवा कान माझ्याकडं करून बसतात. उभी नोकरी तोफखान्यात झाली, डावा कान तिथंच राहिला.

त्या कानासाठी अपंगत्व पेन्शन मागितली, तर उत्तर आलं: 'बहिरेपणा सेवेमुळे नसून घरगुती कारणांमुळे आहे.' आता मला सांगा, असलं कुणाच्या पोटात राहील? पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं आणि मीच टपरीवर जाऊन सांगितलं, "तात्यांचा कान तोफेनं न्हाय, काकूंनी फोडला!" तात्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, आवाज होताच तसा. शेळगावात त्यांनी म्हशीला हाक मारली की शेजारच्या कळस गावातल्या म्हशी मान वर करायच्या. चार दिवसांत सगळं गाव पोट धरून हसलं.

तात्यांनी अपील टाकलं. फेटाळलं. दुसरं टाकलं, तेही फेटाळलं. परवा तिसऱ्यासाठी आले तेव्हा मी वैतागलोच. "तात्या, नोकरीची पेन्शन मिळती की! कशाला एवढा आटापिटा?"

तात्यांनी पत्रातल्या एका शब्दावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "पैशाचं न्हाय वो. ते 'घरगुती' तेवढं खोडून पायजे. टपरीवर कुणीतरी चेष्टा केली, ती हिच्यापातुर गेली. हिला खरंच वाटलं, आपल्या वरडण्यानं मालकाचा कान गेला. तवापासनं घरात इतकं हळू बोलती, की उजव्या कानालाबी काय येत न्हाय. मी म्हनतो, अगं, तोफेनं गेला. तर म्हनती, सरकारी कागद खोटा असतोय व्हय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकान बंद केलं, तात्यांना गाडीवर मागं बसवलं आणि थेट शेळगाव गाठलं. काकूंना हात जोडून सांगितलं, "काकू, चेष्टा माझी होती. कान तोफेनंच गेलाय. कागद चुकीचा हाय."

काकू पदराशी चाळा करत बसल्या. मग इतक्या हळू बोलल्या, की मलाच पुढं वाकावं लागलं.

"मग तसं लेखी आणा."

शेजारी तात्या उजवा कान पुढं करून मला विचारत होते, "आँ? काय म्हनली ती?"