निमंत्रणातल्या नऊ चुका

इमारतीच्या ग्रुपवर वॉचमनचा मेसेज आला तेव्हा वेलांटीकाका सफरचंद कापत होते. सुरी तशीच बशीत टेकवून त्यांनी चष्मा चढवला.

'माझि मुलगी नर्स झालि. कामाला पण लागलि. रवीवारी संध्याकाळि सगळयांनी चहा प्यायला खालि या हि वीनंती'

काकांच्या अंगावर शहारा आला. एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून त्यांची तीस वर्षं गेली होती. चुकीची वेलांटी दिसली की दातात काहीतरी अडकल्यासारखं व्हायचं, आणि ते निघेपर्यंत दुसरं काही सुचायचं नाही. निवृत्तीनंतर छापखाना सुटला, खोड सुटली नाही. कुणी 'लीफ्ट बंद आहे' असं लिहिलं, तर लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस येण्याआधी काकांनी ती दुरुस्त केलेली असायची, अर्थात शब्दातली. लोक त्यांना पाठीमागे वेलांटीकाका म्हणत. एकदा कुणीतरी चुकून ग्रुपवरच म्हटलं, तेव्हा काकांनी शब्द बरोबर लिहिला आहे की नाही एवढंच तपासलं.

वॉचमनचा हा ग्रुपवरचा पहिलाच मेसेज होता. काकांनी सफरचंद काळं पडू दिलं आणि शांतपणे उत्तर टाइप केलं. 'एकूण नऊ चुका. माझी, झाली, लागली, संध्याकाळी, खाली, ही : सर्व वेलांट्या दीर्घ. रविवारी, विनंती : यांतली वि ऱ्हस्व. सगळ्यांनी : ळ अर्धा हवा. शेवटी पूर्णविराम नाही, पण तो मी मोजलेला नाही.'

पाठवून त्यांना फार बरं वाटलं. पूर्णविराम सोडून दिला हा स्वतःचा मोठेपणाही आवडला.

रविवारी संध्याकाळी खालून हसण्याबोलण्याचे, खुर्च्या सरकवल्याचे आवाज आले. बायको दोन दिवस तिच्या बहिणीकडे गेली होती. आवाजाने वाचनात व्यत्यय येतो म्हणून काकांनी खिडकी लावून घेतली.

सोमवारपासून ग्रुप शांत झाला. पहिला आठवडा काकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. दुसऱ्या आठवड्यात त्यांना उलगडा झाला.

"लोक सुधारले," ते बायकोला म्हणाले. "विचार करून लिहायला लागलेत."

"लिहितंय कोण?"

"तेच म्हणतोय मी. अजून विचार चालू आहे त्यांचा."

बायकोने त्यांच्याकडे नीट पाहिलं, काहीतरी बोलणार होती, पण कुकरची शिट्टी झाली आणि ती आत गेली.

तिसऱ्या मंगळवारी काका फिरायला निघाले. जिना उतरताना त्यांनी नेहमीप्रमाणे कठड्यावर हात ठेवला आणि तो थेट खालच्या मजल्यापर्यंत सरकवत नेला. हात उचलला तेव्हा पंजा हिरवागार होता.

खालच्या पायरीवर बसलेला रंगारी ब्रश घेऊन उभा राहिला. "अहो काका! दोन मजले पुसून आणलेत की तुम्ही!"

"पाटी लावायची असते, ओला रंग म्हणून!"

"पाटी कशाला? दुसऱ्या मजल्यावरच्या ताई म्हणाल्या, ग्रुपवर टाकलंय, सगळ्यांना माहितीये."

"ग्रुपवर काहीही नाही," काका ठामपणे म्हणाले. "ग्रुपवरचं माझ्या नजरेतून काही सुटत नाही."

तेवढ्यात ताई स्वतःच आल्या. त्या घरी शिवणकाम करत. गळ्यात टेप, ओठांत टाचणी. काकांनी हिरवा पंजा वर करून विचारलं, "कुठल्या ग्रुपवर टाकलंत?"

ताईंनी टाचणी काढून हातातल्या ब्लाउजच्या कापडाला टोचली. उत्तर द्यायला त्यांना तेवढाच वेळ मिळाला. "तो... दुसरा आहे, काका."

"दुसरा कशाला?"

"काही नाही हो. तिथं जरा मोकळं वाटतं."

काकांनी हात पुढे केला, मग रंग आठवून मान पुढे केली. ताईंनी नाइलाजाने फोन दाखवला. ग्रुपचं नाव होतं 'चुकलं तरी चालेल'. एकेचाळीस माणसं.

"नाव तरी शुद्ध लिहिलंय," काका पुटपुटले आणि फिरायला न जाता वर आले.

बायको चिंधीला रॉकेल लावून त्यांचा पंजा घासू लागली.

"तू आहेस त्या दुसऱ्या ग्रुपवर?"

"मी लावला का कठड्याला हात?"

"म्हणजे तूसुद्धा!"

"अहो, मग काय करू? पहिल्यावर लिहायचं म्हणजे लोकांना परीक्षेला बसल्यासारखं होतं. तरी चालवून घेत होते बिचारे. पण तुम्ही त्या वॉचमनच्या चहाला गेला नाहीत ना, तेव्हा सगळे बिथरले."

"कुठला चहा?"

घासणारा हात थांबला. "तुम्हाला खरंच माहीत नाही? मला वाटलं, मुद्दाम गेला नाहीत. मला इतकी लाज वाटली की विषयच काढला नाही मी." तिने जुना मेसेज उघडून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. "तुमच्यासाठी हातांची खुर्ची राखून ठेवली होती म्हणे त्याने. सगळ्यांत आधी तुमचं उत्तर आलं होतं ना."

काकांनी मेसेज वाचला. नऊ शब्द त्यांना पाठ होते. मधली मुलगी, नर्स आणि चहा त्यांनी आज पहिल्यांदा पाहिले. रविवारी, संध्याकाळी, खाली असं आपण स्वतःच्या हाताने लिहिलं आणि रविवारी संध्याकाळी खाली गेलो नाही, हे त्यांना फार लागलं. छापखान्यात आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. शेकडो पुस्तकं तपासली. गोष्ट एकाचीही सांगता आली नसती.

रंग पुरता निघाला नव्हता, तसेच ते खाली गेले. वॉचमन गेटजवळच्या खोलीत गाड्यांचे नंबर वहीत उतरवत होता. त्यांना पाहून तो उठून उभा राहिला.

"अरे, बस बस. मुलीचं अभिनंदन करायला आलोय. फार उशीर झाला. आणि त्या दिवशी चहाला आलो नाही, त्याबद्दल..." काकांना योग्य शब्द सापडेना. "माफ कर बाबा."

"काका, असं काय? उलट तुम्ही एकट्यानंच माझा मेसेज नीट वाचला! बाकीच्यांनी नुसते अंगठे पाठवले."

काकांना मोह झाला. कुणालाही झाला असता. पण ते म्हणाले, "नीट वाचला असता तर आलो नसतो का? मी वेलांट्या वाचल्या. तू काय सांगतोयस ते वाचलंच नाही."

वॉचमन मोठ्याने हसला. "माझी पोरगी पण असंच म्हणाली! म्हणाली, बाबा, हे काका तपासत होते, वाचत नव्हते." त्याने वही उलटून शेवटचं पान दाखवलं. माझी, झाली, लागली, प्रत्येक शब्द दहादहा वेळा गिरवला होता. "मला पण दुसऱ्या ग्रुपवर घेत होते. मी नाही म्हटलं. तिकडं चुका कोण सांगणार? पोरीला लिहिताना लाज वाटते मला, ती एवढी शिकलेली."

मग दोघांत ठरलं. वॉचमनने रोज जुन्या ग्रुपवर एक मेसेज लिहायचा. काकांनी खाजगीत तपासून द्यायचा. घरी बायकोनेही अट घातली. आधी मेसेज काय म्हणतोय ते समजून घ्यायचं, वेलांटीला मग हात लावायचा. काकांनी अट मान्य केली आणि निष्ठेने पाळली. गेटाला कडी नवी बसली, मांजरीला तीन पिल्लं झाली, वॉचमनच्या मुलीला रात्रपाळी लागली. काकांना सगळं ठाऊक असायचं. चुका सातावर आल्या, मग चारावर, मग दोनावर. ताईंनीसुद्धा शिवणकामाची पाटी रंगवायला देण्याआधी मजकूर गुपचूप काकांना दाखवून घेतला.

दोन महिन्यांनी, एका सकाळी, वॉचमनचा मेसेज आला. काकांनी वाचला. पुन्हा वाचला. चष्मा पुसून एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचला. सगळ्या वेलांट्या जागच्या जागी, शेवटी पूर्णविरामसुद्धा! त्यांचे डोळे भरून आले. 'शाबास! शंभरपैकी शंभर!' असं त्यांनी उघड ग्रुपवर लिहिलं, आणि गुणगुणत अंघोळीला गेले.

पाच मिनिटांनी आतून हाक आली. "अगं! नळाला पाणी का येत नाहीये? डोळ्यांत साबण गेलाय माझ्या!"

"अहो, टाकी धुवायला काढलीये दुपारपर्यंत. वॉचमनने लिहिलं होतं की सकाळी. वाचलं नाहीत?"

आतून रिकामी बादली सरकवल्याचा आवाज आला.

"वाचलं ना," काका म्हणाले. "एकही चूक नव्हती."